वरचा पाट कुणाचा?

त्या रविवारी बोझेनाच्या गाडीचं इंजिन बिघडलं नसतं, तर तोचिओरी गावात ती जन्मभर पाहुणीच राहिली असती.

गाडी तिची नव्हे, खालच्या शहरातल्या वृद्धकेंद्राची. डोंगरातल्या वाड्यांवरून म्हाताऱ्यांना सकाळी उचलायचं, केंद्रात त्यांची अंघोळ-जेवणं झाली की संध्याकाळी ज्याला त्याला दाराशी सोडायचं, हे तिचं काम. रविवारीसुद्धा. त्यामुळे गावात रविवारी काय चालतं ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र ती अंगणात कपडे वाळत घालत होती आणि दुपारच्या सुमाराला वरच्या वाटेने गाव खाली आलं. प्रत्येक घरचं एक माणूस. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडी, कमरेला विळे. हसतखिदळत, एकमेकांना ढोसत चालली होती माणसं. तिला पाहिल्याबरोबर हसणं थांबलं आणि सगळे कमरेतून वाकले.

"आज काय होतं?" तिने विचारलं.

पुढे होते होशिना-सान, गावाचे मुखिया. पोस्टातून निवृत्त झालेला, मऊ बोलणारा माणूस. "काही नाही, काही नाही," ते म्हणाले. "पाटाची सफाई. दर वर्षीचीच."

"दर वर्षीची? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"छे! आपल्याला कशाला त्रास! आपण एवढ्या लांबून आलेल्या."

लांबून म्हणजे पाटाच्या पलीकडच्या घरातून असं त्यांना म्हणायचं नव्हतं. त्यांना म्हणायचं होतं स्लोवाकियातून. तिथून निघाल्याला बोझेनाला इतकी वर्षं झाली होती की तिच्या बहिणीचे नातू आता शाळेत जात होते. पण होशिना-सानच्या हिशेबी ती अजून वाटेतच होती.

कपड्यांची बादली तशीच टाकून ती शेजारी किनु-आजीकडे गेली. किनु-आजी गावातल्या सगळ्यात वरच्या घरात राहायची. एकटी. गुडघा सुजलेला, तो पुढे पसरून ती मुळे सोलत बसली होती.

"आजी, पाटाच्या सफाईचं तू मला का नाही सांगितलंस?"

म्हातारीने सुरी थांबवली. "म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

"कुठून असणार?"

"अगं देवा! मला वाटलं, तुला ठाऊक आहे आणि तू मुद्दाम टाळतेस. रविवार आला की गाडी घेऊन पळते, कामचुकार कुठली! इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या मी तुला."

बोझेनाला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं. सगळ्या गावात तिला कामचुकार समजण्याइतका मान फक्त या म्हातारीने दिला होता.

तशी ती या देशात कामालाच आली होती असं नाही. आली होती भटकायला, एक उन्हाळा, सायकल घेऊन. पुढे पैसे संपत आले तसं तिने जेवण आणि अंथरुणाच्या बदल्यात हातांनी मोल द्यायला सुरुवात केली. एका बेटावर कांदे उपटले, एका बंदरावर माकुळ वाळत घातले, एका देवळात पहाटे उठून पानं झाडली. मग एका नदीकाठच्या शहरात पूर आला. ती जवळच होती, म्हणून गेली. तिथे तिच्या छातीवर हिरवं जाकीट चढलं, जाकिटावर नाव आणि देश लिहिला गेला, आणि ती स्वयंसेवक झाली. लोकांच्या घरातला चिखल पोत्यांत भरायचा, पोती रस्त्यावर नेऊन रचायची, ओल्या चटया बाहेर ओढायच्या. चिखलात सापडलेले कुणाकुणाचे लग्नातले फोटो थंड पाण्याच्या घमेल्यात हलक्या बोटांनी धुवायचे. ते काम तिला मनापासून आवडलं. न आवडलेली गोष्ट एकच. ज्या म्हाताऱ्याचं सगळं घर वाहून गेलं होतं, तो कुठून तरी टरबूज पैदा करून आणायचा, फोडी करायचा आणि तिच्यापुढे कपाळ जमिनीला टेकवायचा. शेजाऱ्याने दिवसभर चिखल उपसला तर त्याला तोच म्हातारा म्हणायचा, "उद्या लवकर ये रे, आज उशीर केलास." आभार होते ते फक्त जाकिटवाल्यांना.

पूर ओसरला, पण ती परतली नाही. कुठे भूकंप झाला, कुठे दरड कोसळली, ती जात राहिली. भाषा शिकली. एका हिवाळ्यात, म्हाताऱ्यांच्या छपरांवरचं बर्फ काढायला जी टोळी तोचिओरीला आली, तिच्यात ती होती. इतर घरांनी टोळीला बसायला गाद्या दिल्या, चहा दिला, मिठाई दिली. किनु-आजीने खालून ओरडून सांगितलं, "तो कोपरा राहिलाय! आणि उतरलीस की येताना लाकडं घेऊन ये, चूल विझायला आलीय." बोझेनाने लाकडं आणली. संध्याकाळी तिने आजीला विचारलं, शेजारचं रिकामं घर कुणाचं आहे. अशी ती इथली झाली. निदान तिला तसं वाटत होतं.

"आता ऐक," मुळ्याच्या साली गोळा करत किनु-आजी म्हणाली. "पाट वरून येतो तिथे त्याला फाटा आहे. मोठा पाट खाली गावाच्या शेतांना जातो. छोटा, वरचा, तो माझ्या खाचरांना. त्यावर पूर्वी पाच घरं होती. चार गेली, उरले मी. यंदा गुडघ्यामुळे मला जमलं नाही, तर माझा तुकडा दुसऱ्यांनी उपसला. पाटाचा कायदा असा, की ज्या पाटाला जाब देणारं, त्याची निगा अंगावर घेणारं घर नाही, त्याचं तोंड सिमेंटने बंद. आणि मुलगा मला पानगळ झाली की आपल्या घरी, साइतामाला नेणार."

"मग तुझी खाचरं?"

"तू कसशील म्हणून म्हणत होते. नाहीतरी लावणी-कापणी तूच करतेस. पण पाण्याशिवाय काय कसणार? माती चाटणार?"

"मी जाब देईन पाटाचा."

"तुला देऊ देतील तेव्हा ना!" म्हातारी म्हणाली. "तू पाहुणी. पाहुण्याच्या हाती कोण फावडं देतो?"

भात कापून झालं की गावाची बैठक भरते. घरटी एक माणूस येतं, सभागृहाच्या चटईवर गोल बसतं. मुखिया विषय मांडतात, कुणी हरकत घेतली नाही की तो मंजूर. वर्षभरात सफाईला जे घर गैरहजर राहिलं असेल त्याने दंड म्हणून साकेची एक मोठी बाटली आणायची, अशी रीत आहे. बाकीच्यांनी ती प्यायची आणि पिता पिता त्या घराची यथेच्छ टिंगल करायची. बोझेनाला बोलावणं नव्हतं. ती किनु-आजीला हाताला धरून घेऊन गेली आणि आजीला बसवल्यावर आपण परत न जाता तिथेच बसली. पिशवीतून तिने बाटली काढली आणि मधोमध ठेवली.

"माझं घर सफाईला गैरहजर होतं," ती म्हणाली. "हा दंड."

सगळे बाटलीकडे बघत राहिले. होशिना-सान पुढे सरकले आणि त्यांनी बाटली दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली.

"काय हा मोठेपणा! आपण आमच्यासाठी भेट आणलीत."

"भेट नाही. दंड आहे. मी आले नव्हते."

"आपल्याला कोण दंड करणार! वा, वा. फारच उत्तम साके आहे."

"आहेच उत्तम. आता मला शिव्या द्या."

हशा पिकला. मायेचा, गोड हशा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बोझेनाचा पहिला पेला भरला गेला, तिच्याखाली जाड गादी सरकवली गेली. कोपऱ्यात तोकुजी नावाचा म्हातारा बसला होता, फाट्याच्या लगेच खाली ज्याची शेतं होती तो. तो एकटाच टाळी न वाजवता आपला पेला पीत होता.

मग किनु-आजीने तोंड उघडलं. "मी जातेय. माझी खाचरं ही बोझेना कसणार. वरच्या पाटाचा जाबही हीच देणार."

होशिना-सानने दातांतून हवा आत ओढली. "हं. ते जरा अवघड आहे."

"काय अवघड आहे?" बोझेना म्हणाली.

"नाही, म्हणजे आपल्याला एवढे कष्ट... आणि पुढेमागे आपण आपल्या देशी जाल..."

"मी कुठेही जाणार नाही."

"अर्थात, अर्थात. बघू या वसंतात."

वसंतात बघू म्हणजे नाही, हे बोझेनाला आता कळत होतं. या माणसांच्या तोंडून 'नाही' कधी निघत नसे. 'अवघड आहे' निघायचं, 'बघू' निघायचं, हवा आत ओढल्याचा आवाज निघायचा. आणि पुढच्या आठवड्यात होशिना-सानची बायको दारात आली, तिच्या हातात रेशमी फडक्यात बांधलेला डबा. तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, वर चिठ्ठी: आपल्या प्रेमळ भेटीबद्दल सर्व गावातर्फे आभार. दंडाची परतभेट! बोझेना डबा घेऊन तशीच गाडीत बसली आणि केंद्रातल्या म्हाताऱ्यांना तिने त्या चकत्या वाटून टाकल्या. एकसुद्धा स्वतःच्या तोंडात घातली नाही.

पानगळ झाली आणि किनु-आजी मुलाच्या गाडीत बसून गेली. जाताना तिने बोझेनाला काही दिलं नाही, गळ्यातही पडली नाही. काच खाली करून एवढंच म्हणाली, "लोणच्याच्या पिंपावरचा दगड हलवू नकोस. आणि पाट सोडू नकोस."

हिवाळाभर बर्फ पडलं. बर्फ वितळलं तसा सफाईचा रविवार आला. या वर्षी बोझेनाने केंद्रात आधीच सांगून ठेवलं होतं की काहीही झालं तरी ती त्या दिवशी येणार नाही.

गावात माणसं कमी, म्हणून नगरपालिकेने मदतीला स्वयंसेवक पाठवले होते. शहरातले विद्यार्थी, दोन-तीन निवृत्त साहेब. सभागृहासमोर टेबल मांडून पालिकेची मिझुगुची नावाची मुलगी पिवळी जाकिटं वाटत होती. गावची माणसं एका बाजूला फावड्यांवर रेलून उभी, जाकिटवाले दुसऱ्या बाजूला रांगेत. बोझेना दिसताच मिझुगुचीचा चेहरा खुलला.

"बोझेना-सान! आपल्यासाठी खास करून ठेवलंय." तिने जाकीट उलगडलं. त्यावर बोझेनाचं नाव मोठ्या अक्षरांत, शेजारी फूल.

"मी नाही घालणार."

"का? मोठं होतंय का?"

"मी स्वयंसेवक नाही. मी या गावात राहते. ते लोक घालतात का जाकीट?"

"नाही, पण ते..." मिझुगुचीने मुखियाकडे पाहिलं. होशिना-सान लगबगीने आले. "अहो, जाकीट घातलं की विमा लागू होतो. दुपारचं जेवण मिळतं. विश्रांती घेता येते. आपल्या सोयीसाठीच."

"तुमचा विमा आहे का, होशिना-सान?"

"आमचं काय, आम्ही पडलो तर पडलो."

"मग मीही पडले तर पडले," असं म्हणून बोझेनाने जाकिटाची नीट घडी केली, फूल वर येईल अशी, टेबलावर ठेवली आणि फावडं उचलून चालायला लागली. गावच्या माणसांच्या घोळक्यातून ती सरळ गेली. कुणी अडवलं नाही. अडवायचं म्हणजे काहीतरी कठोर बोलावं लागतं.

फाट्यापाशी मोठ्या पाटाच्या दिशेने सगळे वळले. ती एकटी वरच्या पाटाला लागली. पाट हिवाळ्यात पुरा बुजला होता. कुजलेली पानं, वरून घसरलेली माती, मधूनमधून आडव्या पडलेल्या फांद्या. तिने काम सुरू केलं ते तिला येत होतं तसं. पुरातलं शिक्षण हातात मुरलेलं होतं. येताना तिने रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा आणला होता. गाळ उपसायचा, पोत्यात भरायचा, पोत्याचं तोंड बांधायचं आणि पोती वाटेच्या कडेला एकावर एक रचायची. खालून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, विद्यार्थ्यांचं हसणं येत होतं. तिची पाठ भरून आली, तळहाताला फोड आला. पण पोत्यांची रास अशी सुरेख झाली की कुठल्याही पुरातल्या टोळीच्या प्रमुखाने शाबासकी दिली असती.

पाणी प्यायला ती वळली तेव्हा तिला दिसलं, मागे वळणावर कुणीतरी वाकलंय. तोकुजी होता. तिने साफ केलेल्या तुकड्यावर तो परत काम करत होता. पोत्याचं तोंड सोडून गाळ पाटाच्या कडेवर ओतत होता, फावड्याच्या पाठीने थोपटत होता. चोरून. तिचं लक्ष गेल्याचं दिसताच तो ताठ उभा राहिला आणि वाकला.

"फार छान काम केलंत," तो म्हणाला. "मी आपला जाता जाता."

बोझेनाच्या डोक्यात जे काही इतकी वर्षं साचलं होतं ते एकदम वर आलं. ती ताडताड खाली गेली.

"छान केलं तर पोती का सोडताय?"

"नाही, सहज..."

"तोकुजी-सान, हेच काम तुमच्या सुनेने केलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"ते वेगळं."

"काय म्हणाला असतात?"

"काही नाही."

"खोटं! गेल्या वर्षी त्या बिचारीने रोपांची एक ओळ वाकडी लावली तर तुमचा आवाज माझ्या अंगणापर्यंत येत होता. मला ऐकायचंय. बोला. नाही बोललात तर मी ही सगळी पोती तुमच्या दारात नेऊन रचीन."

तोकुजीने एकदा खाली पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग त्याच्या कपाळावरची शीर फुगली.

"गाढवासारखं काम केलंय!" तो गरजला. "हा गाळ म्हणजे काय कचरा वाटला? हाच बांध असतो पाटाचा! वरून माती येते, ती उपसून उताराच्या कडेवर थापायची, म्हणून कड टिकते. माझ्या बापाने थापली, त्याच्या बापाने थापली. आणि तू? गावाचा बांध पोत्यात भरून चाललीस कुठे? स्लोवाकियाला? पाणी सुटलं की सगळं खालच्या उतारावर जाईल. आणि हे बघ, मुळं! कडेचं गवत मुळासकट उपटलंय! दाढी केल्यासारखं! कुणी सांगितलं होतं गवत उपटायला? विळ्याने कापायचं असतं, विळ्याने! विळा आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"विळा नाही आणि पाट साफ करायला आलीय!"

"हं," बोझेना म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. राग आला होता, चांगलाच. "मग तुम्ही हे आधी नाही सांगितलंत, ती कुणाची चूक?"

"तू विचारलंस कधी?"

"तुम्ही बोलावलंत कधी?"

मग तोकुजीने कमरेचा विळा काढून तिच्या पायाशी टाकला आणि तो निघून गेला. बोझेनाने सगळी पोती एकेक करून सोडली आणि गाळ परत कडेवर थापला. जेवणाचा भोंगा झाला तेव्हा तिचं काम अर्धंसुद्धा झालं नव्हतं. तशीच भुकेली ती शेवटपर्यंत राबली. मग फाट्यावरची फळी उचलली, पाणी वरच्या पाटात शिरलं आणि घरंगळत, पानं ढकलत चाललं. दोन ठिकाणी कड झिरपत होती.

ती सभागृहात पोचली तेव्हा डुकराच्या मांसाचं गरम सूप वाढून झालं होतं. वरच्या बाजूला गाद्यांवर पिवळी जाकिटं बसली होती, खालच्या बाजूला गाव. होशिना-सान भाषण करत होते. स्वयंसेवकांच्या कृपेने गाव कसं उभं आहे वगैरे. बोझेनाला पाहून त्यांनी वरच्या बाजूची एक रिकामी गादी दाखवली. ती चिखलाच्या कपड्यांनिशी खालच्या बाजूला, उघड्या चटईवर बसली, तोकुजीपासून हाताच्या अंतरावर. तोकुजीने आपला वाडगा थोडा बाजूला घेतला.

"होशिना-सान," भाषण संपल्यावर ती म्हणाली. "वरच्या पाटाचा विषय वसंतात बघू म्हणाला होतात. वसंत आलाय."

"हो, हो. पण आज पाहुणे आहेत, आपण पुन्हा कधीतरी..."

"पाहुण्यांसमोरच बरं. वरच्या पाटाला जाब देणारं घर माझं. सफाईला मी येणार, फुटला तर मी दुरुस्त करणार, पाळीने पाणी मी घेणार. कुणाची हरकत असेल त्याने आत्ता, माझ्या तोंडावर, 'नाही' म्हणावं."

होशिना-सानने दातांतून हवा आत ओढली. "अवघड..."

"अवघड चालणार नाही. अवघड तर सगळंच आहे. 'बघू' पण चालणार नाही. 'नाही' म्हणा. एक शब्द आहे."

सुपाची वाफ वर जात होती. तिने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि एकेकाची नजर वाडग्यात बुडाली. ज्या गोडव्याने ही माणसं तिला इतकी वर्षं दाराबाहेर ठेवत आली होती, तोच गोडवा आता त्यांच्या घशात अडकला होता. पाहुणीच्या तोंडावर, परक्यांच्या देखत, 'नाही' म्हणणारा माणूस तोचिओरीत जन्माला आलेला नव्हता. विद्यार्थी जेवणाच्या काड्या हातात धरून पाहत राहिले. मिझुगुचीने हळूच पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हरकत नाही तर," बोझेना म्हणाली. "या गावात गप्प राहणं म्हणजे मंजुरी, हे तुमच्याच बैठकीत पाहिलंय मी."

"कड झिरपतेय," तोकुजी वाडग्यात बघत म्हणाला.

"माहीत आहे. उद्या बुजवते."

"मुळं उपटलीस तर झिरपणारच."

"तोकुजी-सान!" होशिना-सान दचकून म्हणाले. "काय ही भाषा! बोझेना-सान, माफ करा, त्यांना जरा..."

"त्यांना बोलू द्या," बोझेना म्हणाली आणि सुपाचा वाडगा ओढून घेतला.

त्या रात्री तिने साइतामाला फोन लावला. किनु-आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तोकुजी काय म्हणाला?"

"गाढव म्हणाला."

"मग सावध राहा," म्हातारी म्हणाली. "त्याचा डोळा आहे त्या पाण्यावर. माझं पाणी बंद झालं असतं तर त्याला दुप्पट मिळालं असतं."

चिखलणीचे दिवस आले. बोझेनाने खाचरं नांगरून घेतली, बांध लिंपले आणि पाणी सोडलं. दोन दिवस पाणी छान चढलं. तिसऱ्या सकाळी कामावर जायच्या आधी ती शेतावर गेली, तर खाचराच्या तळाला नुसती ओल. वरून थेंब येत नव्हता. ती पाटाच्या कडेने चढत गेली. कुठे फुटला नव्हता, कुठे झिरपत नव्हता. कोरडा होता. फाट्यापाशी पोचली तेव्हा कारण दिसलं. वरच्या पाटाच्या तोंडावर जाड फळी आडवी घातली होती, फटींत पेंढा कोंबला होता आणि वर धोंडा ठेवला होता. सगळं पाणी खळाळत मोठ्या पाटाने तोकुजीच्या शेतात चाललं होतं.

तिने धोंडा ढकलला. फळी उपसली. पेंढा हाताने ओरबाडून काढला. पाणी आपल्या पाटात वळल्याची खात्री केली आणि ती ओली फळी काखेत मारून तडक तोकुजीच्या दारात गेली. दार सरकवताना तिने 'येऊ का' असंही विचारलं नाही.

म्हातारा मिसोच्या सुपात भात कालवून खात होता. त्याची बायको सेत्सु चुलीपाशी.

"ही फळी कुणाची?"

तोकुजीने चावून घास गिळला. "माझी दिसते."

"माझ्या पाटावर काय करत होती?"

"पाळी माझी होती."

"तुमची पाळी तेरवा संपली. परवा, काल, आज माझी."

"तू काल आलीस इथे, आणि मला पाळी शिकवतेस?"

"काल येऊ दे नाहीतर उद्या. पाळी पाळी आहे. लाज नाही वाटत, बाईमाणसाचं पाणी चोरताना?"

"चोरतोय होय! होशिनाचं तर मी दर वर्षी वळवतो, तो कधी नाही आला बोंबलत."

"होशिना-सान गप्प बसतात म्हणून तुम्ही चढलात."

सेत्सु-आजी घाईघाईने पुढे झाली, हातात गरम चहाचा पेला. "अगं बाई, आत या ना, बसा. एवढ्या सकाळी आलात, चहा घ्या..."

"चहा नको, आजी. मी भांडायला आलेय."

सेत्सु-आजीने नवऱ्याकडे पाहिलं, मग बोझेनाकडे. पेला तिने स्वतःच ओठाला लावला आणि चुलीपाशी जाऊन बसली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

"फळी इकडे दे," तोकुजी उठला. "चांगली देवदाराची आहे."

"नाही देणार. तुमची पाळी येईल त्या दिवशी दारात या आणि मागा. नीट मागा."

"माझीच फळी मी मागायची?"

"माझंच पाणी मी मागायला आले ना?"

"घेऊन चालली! अगं ए, थांब!" म्हातारा पायात अर्धवट बूट अडकवून अंगणात आला. "मी होशिनाला सांगीन!"

"सांगा! मी पण येते, दोघं मिळून सांगू!"

शेजारच्या घरांची दारं सरकली, एकदोन डोकी बाहेर आली आणि तिथेच थांबली. बोझेनाने मागे वळून पाहिलं नाही. फळी खांद्यावर टाकून ती चढाला लागली. केंद्राच्या गाडीला उशीर होणार होता, म्हातारे दारात ताटकळणार होते. पण आधी तिला खाचरात पाणी चढताना बघायचं होतं.